माझ्या गाडीवरचा लाल टॅग कोणी काढला?

कॅन्सर झाल्याचं कळलं त्या दिवशी मी फारसा घाबरलो नाही. खरा घाबरलो तो काही आठवड्यांनी. बायको मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहिली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अजी, आज थोडं गाडीचं काम करता का?"

प्रसंगाचं गांभीर्य तुमच्या लक्षात यावं म्हणून आधी गाडीबद्दल सांगतो. आमच्या भिलाईच्या क्वार्टरमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी अँबॅसडर उभी आहे. कुम्हारीच्या एका बंद पडलेल्या राइस मिलमध्ये मला ती सापडली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या बसलेल्या होत्या. मालक म्हणाला, गाडी न्या, कोंबड्या मिळणार नाहीत. मी ट्रॉलीवर घालून गाडी वाजतगाजत घरी आणली. धुताना सीटखाली एक अंडं निघालं. या गाडीतून आजवर निघालेली एकुलती एक कामाची वस्तू ती, असं माझ्या बायकोचं, कुंदाचं, मत आहे.

तेव्हापासून मी दर सुट्टीला इंजिन उघडतो, सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडतो, त्यांच्याकडे प्रेमाने पाहतो आणि संध्याकाळी परत गोळा करतो. कुंदा त्या शेडला 'समाधी' म्हणते. पाहुणे आले की मुद्दाम मागे नेऊन दाखवते: "हे पाहा, याईच्या अकलेची समाधी." उन्हाळा लागला की रोज एकच भुणभुण, समाधी हटवा, मले मिरच्या वाळवाले जागा पायजे.

आणि ही बाई मला विचारते, गाडीचं काम करता का!

मी चहाचा घोट घेतला. साखर मला हवी तेवढी होती, एरवीसारखी अर्धा चमचा नाही. डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय, जे मला सांगितलेलं नाही, याबद्दल माझी खात्रीच पटली.

ज्यांच्या हातात नुकताच तसला रिपोर्ट पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं आणि पथ्यं यात सापडणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. घरच्यांवर संशय घेण्याचा मात्र मला दांडगा अनुभव आहे, आणि तो फुकट जाऊ नये असं वाटतं.

फाइल बंद होते तेव्हा

गाठ सापडली तीही गाडीमुळेच. खालून बाहेर सरकताना माझी मान कुठेतरी घासली. मी सवयीने शिवी दिली आणि मग लक्षात आलं की दुखलंच नाही. हात लावला तर मानेला सुपारीएवढं काहीतरी. मी म्हटलं, डास चावला असेल. कुंदा म्हणाली, "सुपारीएवढं चावणारा डास मले दाखवा." तिने धरून दवाखान्यात नेलं. तिथे गाठीचा तुकडा काढला, तो कुठे कुठे फिरून आला आणि आम्हाला रायपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

डॉक्टर तरुण होते. आत गेल्यावर त्यांनी आधी कुंदाला खुर्ची दिली. पेशंट मी आणि खुर्ची तिला! मग त्यांनी समोरची फाइल बंद केली. मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. साहेब फाइल बंद करून बोलायला लागले की शटडाउन लांबणार, एवढं आम्हाला कळतं.

ते म्हणाले, गळ्यातल्या ग्रंथींचा कॅन्सर आहे, लिम्फोमा म्हणतात, औषधं याला चांगली लागू पडतात.

"लागू पडतात म्हणजे मी वाचतो का?"

"आपण उपचार सुरू करू."

"साहेब, मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं?"

कुंदाने टेबलाखालून पाय मारला. "अजी, ते का कोर्टात उभे हायेत? ऐका ना चुपचाप."

बाहेर आल्यावर ती रडली नाही. औषधांचं दुकान कुठे आहे ते तिने विचारलं. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र पाहत राहिलो. पहिला हात, दुसरा हात, बोटांच्या मधली जागा. अजूनही ते चित्र मला मनातल्या मनात काढता येतं. त्याखेरीज त्या वेळी डोक्यात काही शिरतच नव्हतं.

परतताना ठवरे आम्हाला त्याच्या गाडीतून नेत होता. ठवरे माझा सेक्शनमधला सोबती. त्याला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायची वेळ आली की तो पंख्याकडे पाहतो. गाडीत पंखा नव्हता, म्हणून तो सरळ रस्त्याकडे पाहत राहिला. कुम्हारी आली. राइस मिलचं फाटक आलं. त्या फाटकापाशी कुंदा प्रत्येक वेळी, न चुकता, एक टोमणा मारते. मी तयार होऊन बसलो होतो.

तिने टोमणा मारला नाही. फाटक मागे गेलं.

संशयाची पहिली नोंद मी तिथे केली.

नाव सांगा

मग सुरू झाल्या आमच्या रायपूरच्या फेऱ्या. वॉर्डात ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाइनचा स्टँड, आणि प्रत्येक स्टँडखाली एक माणूस, वरच्या बाटलीकडे बघत बसलेला. मी बाटलीवरचं लेबल वाचायचो. शेजारच्याचंही वाचायचो. अदलाबदल झाली तर?

तिथली सिस्टर दर वेळी सुई लावण्याआधी विचारायची, "अंकल, नाम बताइए."

"वही जो पिछली बार था."

"फिर भी बताइए."

"प्रभाकर गजभिये."

मग ती मनगटावरची पट्टी वाचायची, बाटली वाचायची, दुसऱ्या सिस्टरला बोलावून तिच्याकडूनही वाचून घ्यायची. बाकीचे पेशंट वैतागायचे. मी मात्र खूश व्हायचो. त्या अख्ख्या इमारतीत माझा विश्वास बसला तो या एका गोष्टीवर, कारण आमच्याकडेही असंच असतं.

ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्लांटमध्ये एखादी मशीन दुरुस्तीला घेतली की तिचा स्विच बंद करून त्यावर लाल पत्र्याचा टॅग लटकवतात: 'काम चालू है. हाथ न लगाएँ.' खाली काम करणाऱ्याचं नाव. ज्याने टॅग लावला, त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणीही नाही, साहेबानेसुद्धा नाही. माणूस टॅग विसरून घरी गेला तर त्याला घरून बोलावून आणतात, पण बटण कोणी दाबत नाही. कारण आत कोणाचा तरी हात असू शकतो.

अपवाद एकच. तो माणूस परत येणारच नसेल, तर इनचार्ज दोन साक्षीदार घेऊन टॅग काढतो. मी हे एकदाच पाहिलं. आमचा एक सोबती राखीव पंप उघडून ठेवून अचानक गावी गेला आणि तिकडेच वारला. इनचार्जने आधी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, मग टॅग.

हा नियम मी घरातही पाळतो. एकदा मिक्सर उघडून, त्यावर टॅग लावून मी ड्युटीला निघून गेलो. कुंदाने त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली आणि मला भाजीत मीठ दिलं नाही. पण टॅगला हात लावला नाही. गाडीच्या स्टिअरिंगवरही माझा असाच एक जुना टॅग कायमचा लटकलेला असे. त्यावर तिचं ठरलेलं वाक्य होतं: "काम कुठं चालू हाये? टॅगच चालू हाये."

बोटं

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर केस गेले. केसांचं मला दुःख नव्हतं. ते तसेही निरोपाच्या तयारीतच होते. दुःख बोटांचं होतं. औषधाने बोटांची टोकं बधिर झाली. शर्टाचं बटण चिमटीत आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावं लागे. ज्या माणसाला अंधारात हात घालून नट कुठल्या मापाचा आहे ते सांगता येत होतं, तो माणूस चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागला. मग गाडीकडे जायचं कशाला? मी मागचं दार उघडणंच बंद केलं. पलंगावर पडायचं, छताकडे बघायचं आणि घरच्यांवर पाळत ठेवायची, एवढाच उद्योग उरला.

पाळत ठेवण्यासारखं बरंच होतं. मुलगी सोनल पुण्याहून लॅपटॉप घेऊन आली होती. लहानपणी ही पोरगी मैत्रिणींना सांगायची, ती गाडी आमची नाही, शेजाऱ्यांची आहे. आता म्हणते, "पप्पा, चलो ना, गाडी देखते हैं. मी व्हिडिओ काढते."

ठवरे कार्ब्युरेटर घासून चकचकीत करून घेऊन आला. "गजभियेभाऊ, फक्त बसवाचा हाये. चला, मी टॉर्च धरतो."

जो ठवरे आयुष्यभर त्या गाडीला भंगार म्हणत आला, तो टॉर्च धरतो म्हणतो!

आमच्या शेजारणीने, मन चांगलं म्हणून, कुठूनतरी मंतरलेला दोरा आणला. आमचं घर बाबासाहेबांना मानणारं. नवस, गंडे, दोरे उंबऱ्याच्या आत येत नाहीत. कुंदाने तिला चहा पाजला आणि मग असं काही ऐकवलं की ती बाई दोरा मुठीत दाबून निघून गेली. तेवढा एक क्षण मला माझी जुनी बायको दिसली. बरं वाटलं. पण त्याच दुपारी स्वयंपाकघरातून तिचा दबका आवाज आला:

"भाऊजी, याईले काही सांगू नका."

आणि ठवरेचा: "नाही वहिनी. मी कावून सांगू?"

त्या वेळी तो पंख्याकडे पाहत असणार, हे मला भिंतीपलीकडूनही दिसलं.

मी उठलो. भिंतीला धरत धरत, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, मागचं दार उघडलं. शेडमध्ये गेलो, ताडपत्री बाजूला केली आणि गाडीचं दार ओढलं.

स्टिअरिंगवर टॅग नव्हता.

सीटखाली पाहिलं. पायाशी पाहिलं. टॅग नव्हता. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. मला इनचार्जचं हेल्मेट आठवलं.

चौकशी

हिशेब सरळ होता. इनचार्ज: कुंदा. साक्षीदार दोन: सोनल आणि ठवरे. माझा टॅग रीतसर उतरवण्यात आला होता.

मी एकेकाला वेगळं गाठून चौकशी केली. सोनलने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. "टॅग? कौनसा टॅग? पप्पा, मेरी मीटिंग है." त्या दिवशी रविवार होता. ठवरेला मी चहाला बसवलं आणि मुद्दाम पंख्याखालची खुर्ची दिली.

"टॅग कुठे आहे?"

ठवरेने पंख्याकडे पाहिलं. "जंगून पडला असन."

"पत्रा जंगतो. त्याची दोरी कुठे गेली?"

"दोरीबी जंगली असन."

कुंदाला विचारायचं धाडस झालं नाही. खरं सांगतो, तिने खरं सांगितलं असतं तर काय, याचीच भीती होती.

त्या रात्री झोप नीट लागली नाही, पण सकाळी एक मजेची गोष्ट झाली. आजारात जगण्याची इच्छा वगैरे धरावी असं सगळे सांगतात. मी बरंच शोधलं, मला ती काही सापडली नाही. मला राग सापडला. जिवंत माणसाच्या गाडीवरचा टॅग काढता? काढा! मी डोक्याला गमछा गुंडाळला आणि ठवरेचा तो चकचकीत कार्ब्युरेटर घेऊन शेडमध्ये गेलो. त्रिकूट खिडकीतून पाहत होतं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पहिला नट बोटांतून निसटून इंजिनाच्या पोटात गेला. दुसरासुद्धा गेला. तिसऱ्याला मी बोटाच्या टोकावर ग्रीसचा गोळा लावला, त्यात नट चिकटवला आणि दाढीचा आरसा समोर धरून, बोटाला काही कळत नसताना, डोळ्यांनी तो बोल्टवर नेला. सरळ बसेना. मी त्याला प्लांटमधल्या निवडक शिव्या ऐकवल्या. आणि अचानक तो एक आटा फिरला. मग आणखी एक.

त्या दिवशी एवढंच झालं. एक नट. मी आत येऊन सम्राटासारखा पडून राहिलो आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी परत गेलो. काही दिवस उठवलंच नाही, काही दिवस नुसता दरवाजा उघडून गाडीकडे बघून परत फिरलो. पण मन तिकडे लागलं होतं. तुमच्याकडे गाडी नसेल तर शिलाई मशीन असेल, कुंड्या असतील. आधी मन लागेल आणि मग उठू, अशी वाट पाहू नका. कोणावर तरी चिडा आणि उठा.

लाल बोर्ड

पुढच्या फेरीला रायपूरला कुंदा खाली औषधं आणायला गेली होती. उलटी होऊ नये म्हणून तिथे आधी एक सुई देतात. त्या सुईने मला गाढ झोप लागते, आणि जाग येईपर्यंत बाटली अर्धी झालेली असते. सिस्टरने नाव विचारलं, मी सांगितलं. मग स्टँडकडे पाहून ती म्हणाली, "अंकल, आज आंटी लाल बोर्ड नहीं लाईं?"

"कौनसा लाल बोर्ड?"

"वही, 'काम चालू है'. आप सो जाते हैं तो आंटी यहाँ बाँध देती हैं. पहली बार मैंने डाँटा. हाथ न लगाएँ लिखा है, तो सुई कैसे लगाऊँ?" ती हसली. "अब तो हमें भी आदत हो गई."

मी सिस्टरला म्हटलं, आज झोपेची सुई पाच मिनिटं थांबव.

कुंदा पिशवी घेऊन आली. मी बधिर हात पुढे केला. "टॅग."

तिने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने पंख्याकडे पाहिलं. मग कुंदाने पर्स उघडली, रुमालाच्या घडीतून टॅग काढला आणि माझ्या हातावर ठेवला. खालच्या पट्टीवरचं माझं नाव पुसलेलं होतं. त्या जागी तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: कुंदा गजभिये.

"माहा टॅग कोणाले विचारून काढला?"

"गाडीवरचा काढला. तिथं कुठं काम चालू होतं?"

"नियम माहीत हाये ना?"

"एवढी वर्षं जेवताना दुसरं काय ऐकून राहिली मी? ज्यानं लावला त्यानंच काढाचा. तोवर बटण कोणी दाबाचं नाही." ती पिशवीतल्या औषधांच्या खोक्यांची चळत सारखी करत राहिली. "कोणी म्हणजे कोणीच नाही."

मी टॅग उलटसुलट करून पाहिला.

"मंग लपवला कावून?"

"त्या दोरावालीले मी काय काय ऐकवलं, तुमी होते ना घरात? आता मीच नवऱ्याच्या उशाशी लाल पत्रा बांधून राहिली, असं लोकाईनं पाहिलं तर काय म्हणतीन? गजभियेबाईनंबी गंडा बांधला?"

"हा गंडा नाही," मी म्हणालो. "सेफ्टीचा नियम होय."

"तेच मी सिस्टरले सांगितलं."

मग मी ज्यासाठी इतके दिवस जीव मुठीत धरून होतो, ते विचारलं. "डॉक्टर तुले एकटीले काय बोलले? खरं सांग."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चोरताना सापडलो होतो. "मले? मले काय बोलतीन? जे तुमाले बोलले तेच. मी मागून जाऊन दोनदा विचारलं. मले तर वाटे, तुमालेच काही येगळं सांगितलं अन् तुमी माह्यापासून लपवून राहिले."

"मी?"

"मंग? शेडकडे पाहतबी नव्हते. तापात फणफणत असले तरी गाडीपाशी जाणारा माणूस. त्यानं गाडी सोडली म्हणजे त्याले काही तरी पक्कं माहीत हाये. म्हणून तर साऱ्याईले सांगितलं, काहीबी करा, पण याईले गाडीपाशी न्या." तिचा आवाज किंचित फाटला. "साखर घातली मी चहात, साखर!"

म्हणजे बघा. एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो, आणि दोघांनाही काहीही माहीत नव्हतं.

सिस्टर म्हणाली, "अंकल, अब सुई?" मी हो म्हटलं. डोळे मिटण्याआधी कुंदाला टॅग बांधताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिने दोन गाठी मारल्या आणि ओढून पाहिल्या.

कुम्हारीचं फाटक

उपचार संपले. मग परत तपासण्या झाल्या आणि निकालाच्या दिवशी आम्ही त्याच खोलीत बसलो. या वेळी डॉक्टरांनी खुर्ची मला दिली. फाइल उघडीच ठेवली.

"आता काही दिसत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे वाचलो?"

"सध्या तरी. दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं."

सध्या तरी! मी तोंड उघडलं, आणि टेबलाखालून पाय आला.

परतताना ठवरे गाडी चालवत होता. मी खिडकीशी बसून 'सध्या तरी'चा कीस काढत होतो. कितपत सध्या? डॉक्टर हसले होते, पण पूर्ण हसले होते का? माझी अँबॅसडर तोवर एकदा सुरू झाली होती. दोनदा खोकली, शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीवर काळा धूर सोडला आणि पुन्हा समाधीत गेली. त्या धुराचा अर्थ काय, हेही माझ्या डोक्यात मिसळत होतं. कुम्हारी आली. राइस मिलचं फाटक दिसू लागलं.

फाटक अगदी समोर आलं, तेव्हा मागून आवाज आला.

"त्या दिवशी गाडी सोडून कोंबड्या आणल्या असत्या, तर एवढी वर्षं अंडी तरी खाल्ली असती."

ठवरे खो खो हसला. मी मागे वळलो नाही. डॉक्टरांनी दोन वाक्यांत जे सांगितलं होतं, त्यावर माझा विश्वास बसला तो त्या फाटकापाशी.

"काय झालं? बोलत कावून नाही?" कुंदाने विचारलं.

"आणखी एक मार."

"काय?"

"टोमणा."

"एकच बस हाये आजच्याले. अन् घरी गेल्यावर चहात अर्धाच चमचा साखर भेटन, आताच सांगून ठेवते."

मी आरशात पाहिलं. तिच्या मांडीवर पर्स होती. पर्सच्या चेनमधून टॅगची दोरी बाहेर आली होती. तिने ती बोटाने आत ढकलली आणि चेन लावून टाकली. मी टॅग परत मागितला नाही.